पोहणे हा माझा छंद नव्हता

माझा पहिला बायोडाटा मी लिहिलाच नव्हता. २००७ साली मेकॅनिकलचा डिप्लोमा हातात पडला आणि त्याच आठवड्यात मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत गेलो. काउंटरवरच्या पोराने विचारलं, "फ्रेशर का?" मी मान हलवली. त्याने आधीच्या कुणाची तरी फाइल उघडली, नाव बदललं, टक्के बदलले, पत्ता बदलला आणि दहा प्रती काढून दिल्या. वर 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' होतं, 'चॅलेंजिंग' आणि 'डायनॅमिक' हे शब्द असलेलं चार ओळींचं इंग्रजी. त्याचा अर्थ त्यालाही लागत नव्हता आणि मलाही. तळाला छंद होते: क्रिकेट, वाचन, पोहणे. रंकाळ्याजवळ वाढूनही मला पोहता येत नाही. ते आधीच्या पोराचं राहून गेलेलं.

त्या कागदावर शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून भाग ओतायच्या कारखान्यात, नोकरी लागली असं म्हणता येईल, पण खरं सांगायचं तर ती वडिलांच्या ओळखीने लागली. कागद फाइलला गेला. सोळा वर्षं माझ्या पोहण्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

२०२३ च्या डिसेंबरात मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. पुढच्या पिढीला धंद्यात रस नाही, युनिट विकायचं ठरतंय, तुम्ही आत्तापासून बघायला लागा, असं सरळ सांगितलं. माणूस चांगला. चहाही मागवला. मी सदतीस वर्षांचा, क्वालिटी इनचार्ज, हाताखाली सहा इन्स्पेक्टर, आणि माझ्याकडे स्वतःबद्दलचा एक धड कागद नव्हता. मधल्या काळात मी एकच बायोडाटा केला होता, लग्नाचा.

त्यामुळे झालं असं की नोकरीचा लिहायला बसलो तेव्हा हात लग्नाच्याच वळणावर गेला. फक्त वर 'श्री गणेश प्रसन्न'च्या जागी 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' आलं. त्याखाली पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, अपत्ये, गल्ली आणि घर नंबरासकट पत्ता, आणि उजव्या कोपऱ्यात फोटो, केस असतानाचा. दहावीचे टक्के, बारावी केली नाही म्हणून डिप्लोमाचे सहाही सेमिस्टरचे टक्के. मग 'जबाबदाऱ्या' या मथळ्याखाली तेवीस मुद्दे. त्यातला प्रत्येक 'लुकिंग आफ्टर' किंवा 'रिस्पॉन्सिबल फॉर'ने सुरू होणारा. शेवटी 'वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे' अशी प्रतिज्ञा, स्थळ कोल्हापूर, तारीख, सही. एकूण तीन पानं आणि चौथ्यावर फक्त सही.

जानेवारीत हे चौदा ठिकाणी पाठवलं. एका ठिकाणाहून आपोआप येणारी पोच आली. बाकी सामसूम.

फेब्रुवारीत नात्यातल्या एका साखरपुड्याला भाची पुण्याहून आली. ती बाणेरला एका कंपनीत लोक निवडायच्या कामावर आहे. जेवणं झाल्यावर मी जरा बाजूला घेऊन तिला मोबाइलवर फाइल दाखवली. तिने अंगठ्याने वर सरकवली, खाली सरकवली. अर्धा मिनिटसुद्धा झाला नसेल.

"मामा, हा सीव्ही नाही, रेशनकार्ड आहे."

मला राग आला. तिला लहानपणी सायकल मी शिकवली होती.

"तू तिथं नक्की काय करायचास?"

"क्वालिटी बघायचो."

"बघून काय व्हायचं?"

"म्हणजे? खराब माल बाहेर जायचा नाही."

"आधी जायचा का? किती जायचा? तू आल्यावर किती जायला लागला?"

मी म्हटलं, अगं, असं थोडंच असतं, तिथे चारशे माणसं काम करतात. ती म्हणाली, असतं, तू लिहून ठेवलं असशील, तू प्रत्येक गोष्ट लिहितोस. आणि ताट ठेवायला उठून गेली.

लिहून ठेवलं होतंच. दरवर्षी दिवाळीला एक कोटिंगवाला सप्लायर डायरी द्यायचा. त्यात मी रोजची रिजेक्शन म्हणजे नाकारलेला माल, कोणत्या हीटला म्हणजे भट्टीच्या खेपेला काय झालं, कोणता पार्ट किती अडला हे पेन्सिलीने टिपत असे. बारा डायऱ्या लॉफ्टवरून खाली काढल्या. बायकोला वाटलं मी रद्दी देतोय, ती वजनकाटेवाल्याला फोन लावायला निघाली होती.

पुढचे तीन रविवार त्यात गेले. सीव्ही लिहायला तीन रविवार लागतात असं कुणी मला आधी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण लिहायला एक संध्याकाळ लागली. बाकी सगळा वेळ आपण काय केलं ते शोधायला गेला. एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण पुढे सगळं त्याच एका ओळीभोवती फिरलं.

आमच्याकडे पंपाचं एक हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, व्हायचं, ओतीव लोखंडाच्या एफजी २६० ग्रेडचं. आत पाण्याचा मार्ग, म्हणून त्याला कोअर, म्हणजे ती पोकळी राखणारा वाळूचा गाभा, लागायचा, आणि तो आम्ही सीओटूचा करायचो, म्हणजे वाळूत सोडियम सिलिकेट मिसळायचं आणि कार्बन डायऑक्साइड सोडून कडक करायचं. उन्हाळ्यात हा पार्ट सुतासारखा सरळ. जुलै लागला की मशिनिंगला गेल्यावर आतून ब्लोहोल, म्हणजे वायूने पडलेली पोकळ छिद्रं, निघायचे. कोल्हापूरचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना मी हवेतला ओलावा वेगळा समजावून सांगायची गरज नाही. आम्ही मोल्डिंगच्या म्हणजे साच्याच्या वाळूतला ओलावा तपासला, वायू बाहेर पडायचे व्हेंट वाढवले, पोअरिंगचं म्हणजे लोखंड ओतायचं तापमान वर-खाली करून पाहिलं. धातूतले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोच्या रिपोर्टात काही सापडेना. दोन पावसाळे असे गेले.

तिसऱ्या वर्षी मोल्डिंगवरचे बापू, वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, हातात कोअर घेऊन माझ्या टेबलाशी आले. "सायेब, ह्यो धरून बघा. आणि ह्यो धरून बघा." मी दोन्ही धरले. मला फरक कळला नाही. "ह्यो सकाळचा. ह्यो परवाचा. परवाचा गार लागालाय हाताला."

रिवाज असा होता की कोअर शॉप दोन-तीन दिवसांचे कोअर आधीच करून रॅकवर लावून ठेवायचं. रॅक होता पत्र्याच्या भिंतीजवळ, जिथे झडीचं पाणी आत यायचं. सीओटूचा कोअर दमट हवेत पडून राहिला की ओलावा धरतो, आणि त्यावर चौदाशे अंशाच्या आसपासचं लोखंड पडलं की त्या ओलाव्याची वाफ होते. वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती कास्टिंगमध्येच, म्हणजे ओतलेल्या भागातच, राहते. पुस्तकात हे सगळं आहे. मीही वाचलेलं होतं. पण रॅककडे बघितलं बापूंनी.

आम्ही रॅक कोअर ओव्हनच्या बाजूला हलवला, प्रत्येक ट्रेला तारीख आणि वेळेची चिठ्ठी लावली, पावसाळ्यात आठ तासांपेक्षा जुना कोअर वापरायचा नाही असा नियम केला, आणि उरलेला परत ओव्हनमध्ये सुकवून घ्यायचा. नियम करणं सोपं. तो सेकंड शिफ्टला पाळला जातोय का हे बघायला मी दीड महिना रात्री नऊला फाउंड्रीत चक्कर मारत होतो. त्यावरून घरी जे ऐकलं ते सीव्हीत घालता आलं नाही.

डायरीत आकडे सापडले. आधीच्या वर्षी जुलै ते सप्टेंबर त्या पार्टची रिजेक्शन ८.६ टक्के. बदलानंतरच्या वर्षी त्याच तीन महिन्यांत ३.९.

मी हे भाचीला फोनवर सांगितलं तर ती किंचाळलीच. "हे कुठे होतं इतके दिवस? तेवीस मुद्द्यांत हे कुठेच नाही!" तिने तिथल्या तिथे ओळ करून पाठवली: रिड्यूस्ड रिजेक्शन बाय ५५ परसेंट.

इथे आमचं वाजलं. मी म्हटलं, हे खोटं नाही पण असं लिहायचं नाही. ८.६ वरून ३.९ म्हणजे ४.७ टक्के कमी झाली, की जवळपास पंचावन्न टक्के कमी झाली, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. क्वालिटीच्या माणसासमोर नुसतं पंचावन्न टक्के ठेवलं तर तो पहिला प्रश्न विचारणार, कशाच्या? आणि सगळ्या फाउंड्रीची नव्हे, एका पार्टची, पावसाळ्याची. शेवटी दोन्ही आकडे आणि महिने घालूनच ती ओळ लिहिली. लांब झाली, पण माझी झाली.

दुसरं भांडण जास्त वेळ चाललं. ते 'मी' आणि 'आम्ही'चं.

आमचं सगळं काम मराठीत झालेलं. तिथे कुणी 'मी केलं' म्हणत नाही. "रॅक हलवला", "चिठ्ठ्या लावल्या", बस्स, करणारा वाक्यात असतोच असं नाही. सीव्हीचं इंग्रजीही तसंच चतुर असतं हे मला तेव्हा कळलं. तिथे 'आय' लिहीत नाहीत, वाक्य थेट क्रियापदाने सुरू होतं: रिड्यूस्ड, इंट्रोड्यूस्ड, ट्रेन्ड. कोणी, ते अध्याहृत. पण मराठीतलं अध्याहृत सगळ्यांचं असतं आणि सीव्हीतलं एकट्याचं. वर ज्याचं नाव, त्याचं. मी ती ओळ वाचली की मला बापूंचा हात दिसायचा, कोअर धरलेला.

भाचीचं म्हणणं, मामा, सगळेच टीममध्ये काम करतात, वाचणाऱ्याला ते गृहीतच असतं, तू तुझा वाटा लिही. मग माझा वाटा नक्की कोणता? त्याचा विचार केल्यावर उत्तर सापडलं. कारण बापूंनी शोधलं. आठ तासांचा नियम, चिठ्ठ्यांची पद्धत, ती तिन्ही शिफ्टना पाळायला लावणं आणि मोजून ठेवणं हे माझं. तेव्हा 'शोधलं' हा शब्द काढला, 'पद्धत बसवली' हा ठेवला आणि पुढे 'मोल्डिंग व कोअर शॉपसोबत' असे शब्द जोडले. भाची म्हणाली, जागा खातंय. खाऊ दे म्हटलं.

या चाळणीतून तेवीस मुद्द्यांचे सात उरले. महिन्याला किती टन माल, किती माणसं हाताखाली, आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या क्वालिटी मानकाच्या ऑडिटची तयारी, ग्राहकाच्या तक्रारीला ८डी म्हणजे आठ पायऱ्यांचा रिपोर्ट, नव्या पार्टचं पीपीएपी म्हणजे ग्राहकाच्या मंजुरीचे कागद. 'एफएमईए', म्हणजे कुठे काय बिघडू शकतं याचा आधीच मांडलेला तक्ता, हा शब्द मी आधी मोठ्या ऐटीत टाकला होता. एका मित्राने सल्लाही दिला, सिक्स सिग्मा या क्वालिटी पद्धतीचं ग्रीन बेल्ट प्रमाणपत्र लिहून टाक, कोण विचारतंय. पण एफएमईएचा तक्ता मी भरायला बसायचो, बैठक दुसरे साहेब चालवायचे. म्हणून तिथे 'सहभाग' असंच लिहिलं. ग्रीन बेल्टबद्दल बोलायला नको.

बाकी साफसफाई भराभर झाली. फोटो, धर्म, वडिलांचं नाव, अपत्ये, घर नंबर सगळं गेलं. चौदा अनोळखी ठिकाणी आपण जन्मतारीख आणि राहता पत्ता वाटत सुटलो होतो हे लक्षात आल्यावर अंगावर काटा आला. आधार नंबर घातला नव्हता हे नशीब. प्रतिज्ञा गेली. सरकारी जागेचा छापील नमुना असेल तर तिथे जे मागितलं ते सगळं भरायचं, प्रतिज्ञेसकट, पण खाजगी कंपनीच्या सीव्हीत तिचं काही काम नाही. दहावीचे टक्के गेले, ते काढताना मात्र खरंच वाईट वाटलं, चांगले होते. छंदही गेले.

मग तिने एक प्रयोग करायला लावला, जो मी आता भेटेल त्याला सांगतो. पीडीएफ उघडायची, सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करायचा आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करायचा. बऱ्याच कंपन्यांत सीव्ही आधी सॉफ्टवेअर वाचतं, मग माणूस, आणि सॉफ्टवेअरला साधारण असाच सपाट मजकूर दिसतो. मी अनुभवाचा छान दोन रकान्यांचा तक्ता केला होता, डावीकडे हुद्दा, उजवीकडे वर्षं. नोटपॅडमध्ये चारही हुद्दे एकाखाली एक आले आणि चारही कालावधी त्यांच्या खाली एका गठ्ठ्यात. वाचणाऱ्याला वाटावं हा माणूस एकाच वेळी ट्रेनीही होता आणि इनचार्जही. तक्ता मोडला, साध्या ओळी केल्या.

शब्दांचंही तसंच. आम्ही फाउंड्रीत 'एसजी' म्हणतो, जाहिरातीत 'डक्टाइल आयर्न' असतं. धातू तोच. आम्ही 'स्पेक्ट्रो' म्हणतो, त्यांना 'स्पेक्ट्रोमीटर' हवा असतो. जाहिरात समोर ठेवून, जे आपल्याला खरोखर येतं ते त्यांच्या शब्दात लिहायचं. त्यातून दोन सीव्ही झाले. एक फाउंड्रीसाठी, ज्यात वाळू, कोअर आणि भट्टी वर. दुसरा कास्टिंग विकत घेणाऱ्या कंपन्यांसाठी, जिथे सप्लायर क्वालिटीचं काम असतं, त्यात ८डी, पीपीएपी आणि ऑडिट वर. माणूस तोच, माल तोच, फक्त दुकानाच्या पुढच्या फळीवर काय मांडायचं ते वेगळं.

तारखांनी एक घोळ घातला. मी लिहिलं होतं, जून २००७ पासून. सहज पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्ट्री उघडली तर तिथे सुरुवात २००८ ची. पहिलं वर्ष मी ॲप्रेंटिस होतो, त्या वर्षी पीएफ नव्हता. खोटं काही नव्हतं, पण नोकरी देताना कंपन्या पार्श्वभूमी तपासतात तेव्हा हेच एक वर्ष अडतं. म्हणून ते 'ॲप्रेंटिस' म्हणून वेगळ्या ओळीत लिहिलं आणि जुनं प्रमाणपत्र शोधून ठेवलं. ते लग्नाच्या अल्बमच्या पिशवीत निघालं.

फाइलचं नाव 'बायोडाटा न्यू फायनल २' होतं. ते बदलून माझं नाव आणि पद केलं. भाची म्हणाली, तिच्या डाउनलोडमध्ये 'फायनल' नावाच्या सीव्हींचा ढीग असतो आणि कोणता कुणाचा ते उघडल्याशिवाय कळत नाही.

मार्चमध्ये दोन पानांचा नवा सीव्ही अकरा ठिकाणी पाठवला. तीन फोन आले. पहिल्या ठिकाणी पगारावर जमलं नाही. दुसऱ्या ठिकाणी, रांजणगावला, तांत्रिक बोलणं इंग्रजीत सुरू झालं आणि मी असा काही अडखळलो की समोरच्यांनाच दया आली असावी. परत येताना एसटीत मी तो सीव्ही काढून वाचला. त्यातलं इंग्रजी निम्मं भाचीचं होतं. एक-दोन वाक्यं तर अशी होती की मी ती तोंडाने कधी उच्चारलीच नव्हती. घरी येऊन ती मोडली आणि मला बोलता येतील अशी केली. 'स्पिअरहेडेड' गेलं, 'स्टार्टेड' आलं. ही दुरुस्ती भाचीने सुचवलेली नव्हती, आणि पोहण्यानंतरची सगळ्यात गरजेची तीच होती.

तिसरा फोन चाकणचा. कास्टिंग विकत घेणारी कंपनी. समोर दोघं बसलेले, त्यातले एक पन्नाशीचे, शर्टाच्या खिशात व्हर्नियरचं पाकीट. त्यांनी सीव्हीचं पहिलं पान फिरवलं, त्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि मराठीतच विचारलं, "आठच तास का? सहा का नाही, दहा का नाही?"

मी सांगितलं, सहाला कोअर शॉपला झेपत नव्हतं, दहाला ब्लोहोल परत यायला लागले. मधे आठ राहिलं. त्यांनी कागद मागितला आणि मला रॅक, ओव्हन आणि पत्र्याची भिंत काढून दाखवायला लावली. पुढची वीस-पंचवीस मिनिटं फक्त त्या भिंतीवर बोललो. एकदा त्यांनी विचारलं, कोअर गार लागतो हे तुमच्या लक्षात कसं आलं? मी म्हटलं, माझ्या नाही आलं. आणि बापूंचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, वहीत काहीतरी लिहिलं. दहा दिवसांनी ऑफर लेटर आलं. त्या उत्तरामुळे आलं की कास्टिंग समजणारा माणूस त्यांना तातडीने हवा होता म्हणून, मला माहीत नाही.

मे महिन्यापासून मी चाकणला आहे. खोली भोसरीत, शनिवारी रात्रीची गाडी कोल्हापूरची.

गेल्या पावसाळ्यात बापूंचा फोन आला. युनिटचं हस्तांतर झालं, नव्या लोकांनी मोल्डिंगला मशीन लाइन बसवायचं ठरवलं होतं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीला अनुभवी माणूस हवा होता आणि तिथल्या ऑफिसात बायोडाटा मागत होते. "तुमी पोराच्या मोबाइलवर करून धाडा की सायेब. नाव-पत्ता तुमाला म्हाईतच हाय."

मी म्हटलं, नाव-पत्ता राहू दे. आधी सांगा, किती वर्षं मोल्डिंग?

"एकतीस झाली की."

दिवसाला बॉक्स किती?

"ते काय मोजलंय व्हय. पोरं धरून ऐंशी-नव्वद."

किती पोरं शिकवली हाताखाली?

बराच वेळ काही आवाज नाही. मग मागे कुणाला तरी विचारल्याचं ऐकू आलं, दोघं-तिघं नावं आठवत होते. सतरापर्यंत पोचले, मग कुणीतरी अठरावं सुचवलं.

"पर ते कशाला लिव्हायचं? ते रोजचंच हाय."

मी पेन्सिलीने अठरा लिहिलं आणि कोअरबद्दल विचारायला घेतलं.